अमेरिकन माजी सैनिकांची विशेष मासिक भरपाई: नव्याने अर्ज करणाऱ्या घरांसाठी

अमेरिकेच्या सैन्यात असताना दुखापत झाली किंवा आजार जडला, तर नोकरी सुटल्यावर व्हीए, म्हणजे तिथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं, दरमहा भरपाई देतं. ती टक्क्यांवर ठरते हे बहुतेकांना ठाऊक असतं: १० टक्के, ३०, ७०, आणि सगळ्यांत वर १००. शंभर टक्क्यांचं पत्र आलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि फाइल कपाटात जाते. माझी कळकळीची विनंती आहे, ती फाइल इतक्यात कपाटात ठेवू नका.

शंभराच्या वरही पायऱ्या आहेत, आणि शंभर न मिळालेल्यांनाही लागू होणारी एक पायरी आहे. या सगळ्याला मिळून स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन म्हणतात. बोलताना सगळे एसएमसी म्हणतात. ग्रीन कार्डावरही अमेरिकन सैन्यात भरती होता येतं, त्यामुळे काही मराठी घरांतही आता हे कागद येऊ लागले आहेत. अशा घरांत पत्रं वाचायला मी बसते, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बायको नवऱ्याला रोज आंघोळ घालत असते, कपडे चढवत असते, रात्री उठून कूस बदलून देत असते आणि यातलं एक अक्षरही व्हीएच्या फाइलमध्ये नसतं. कारण कुणी विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही.

टक्के ठरवताना कायदा पाहतो की या अपंगत्वामुळे माणसाच्या कमाईच्या क्षमतेवर सरासरी किती परिणाम होतो. एसएमसीला कमाईशी देणंघेणं नाही. कुठला अवयव गेला किंवा निकामी झाला, माणूस घराबाहेर पडू शकतो का, आणि रोजच्या रोज त्याचं कोण करतं, हे तिचे प्रश्न आहेत. हा फरक डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली, ज्या त्रासासाठी एसएमसी हवी तो व्हीएने सेवेशी जोडलेला असला पाहिजे. पत्रात हे ‘सर्व्हिस कनेक्टेड’ म्हणून लिहिलेलं असतं. तसं नसेल तर आधी ती जोडणी मंजूर करून घ्यावी लागते.

दुसरी, कोडशीट मिळवा. निर्णयाच्या पत्रासोबत ती बहुधा येत नाही. तुमच्या अर्जाचं काम पाहणाऱ्या प्रतिनिधीकडून किंवा क्लेम फाइल मागवून मिळते. त्या एक-दोन पानांत प्रत्येक आजाराचा क्रमांक, त्याचे टक्के, तारीख आणि एसएमसी मिळत असेल तर तिचं अक्षर असतं: के-१, एस-१, एल-१ असं. काही माजी सैनिकांना आपल्याला ‘के’ मिळते आहे हेच माहीत नसतं, आणि काहींना मिळायला हवी ती मिळत नाही हेही.

ही अक्षरं कायद्यातूनच आली आहेत. अमेरिकन कायद्याच्या ३८व्या भागातल्या १११४ कलमाची ‘के’पासून ‘टी’पर्यंतची पोटकलमं म्हणजेच एसएमसीच्या पायऱ्या. पुढचे आकडे १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या तक्त्यातले, अवलंबून कुणी नसलेल्या एकट्या माणसाचे आहेत. सोशल सिक्युरिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनात, महागाईची जितकी वाढ होते तितकीच इथे दर डिसेंबरात होते, म्हणून हिशेब करताना चालू वर्षाचा तक्ता व्हीएच्या साइटवर पाहून घ्या. ही रक्कम आयकरातून मुक्त आहे.

के: छोटी, पण सर्वांत जास्त राहून जाणारी

‘के’ १३६.०६ डॉलरची आहे आणि ती टक्क्यांच्या पैशांच्या वर मिळते. एकूण ३० टक्केच मिळत असले तरी चालतं. एक हात किंवा एक पाऊल गेलं, एका डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो, दोन्ही कान पूर्ण गेले, आवाज कायमचा गेला, प्रजननेंद्रिय गेलं किंवा निकामी झालं, बाईच्या स्तनाचा पाव किंवा त्याहून जास्त भाग काढावा लागला, अशांसाठी ती आहे. अशी तीन नुकसानं असली तर तीन ‘के’ मिळू शकतात.

‘गेलं’ याचा अर्थ कापावं लागलं एवढाच नाही. पाय असून नसल्यासारखा असेल तरी तो गेल्यात जमा धरतात. नियमातली कसोटी अशी: पाऊल कापून कृत्रिम पाय बसवला असता तर जितकं उभं राहता किंवा चालता आलं असतं, त्याहून या पायाचा काही जास्त उपयोग आहे का? नसेल तर ‘लॉस ऑफ यूज’. गुडघ्याखालची नस पूर्ण मेल्यामुळे पाऊल वर उचललंच जात नाही आणि चालताना बोटं जमिनीला घासतात, हे त्याचं नियमातच दिलेलं उदाहरण आहे.

आता जरा संकोचाचा विषय. मधुमेहामुळे, मणक्याच्या दुखापतीमुळे किंवा मानसिक आजारावरच्या गोळ्यांमुळे पुरुषाची लैंगिक क्षमता गेली, तर त्यालाही ‘के’ लागू होते. मात्र मूळ आजार किंवा औषध ज्या आजारावर चालू आहे तो सेवेशी जोडलेला हवा. त्या त्रासाचं स्वतःचं रेटिंग शून्य टक्के असलं तरी बिघडत नाही. आपल्याकडे नवरा हे बायकोशीही नीट बोलत नाही, मग डॉक्टरकडे कुठून बोलणार! पण डॉक्टरच्या नोंदीत ते आलं नाही तर व्हीएला ते कळायला दुसरा मार्ग नाही. वर्षाचे सोळाशेहून जास्त डॉलर केवळ लाजेपायी सोडू नका.

एस: इथे गणित घालावं लागतं

‘एस’ला हाउसबाउंड म्हणतात, पण ती मिळायला घरात अडकून पडलेलं असावंच लागतं असं नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे कुठलातरी एक आजार एकटाच १०० टक्के आहे आणि सेवेशी जोडलेल्या आजारांमुळे माणूस खरोखरच कायमचा घर सोडून फारसा बाहेर पडू शकत नाही. दुसरी निव्वळ आकड्यांची: कुठलाही एक आजार एकटाच १०० टक्के, आणि त्याहून वेगळे बाकीचे मिळून ६० टक्के.

समजा, एका माजी सैनिकाला मानसिक आघातासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, १०० टक्के आहेत. शिवाय गुडघ्याचे ४०, पाठीचे २० आणि कानात सतत वाजणाऱ्या आवाजाचे १०. व्हीए टक्क्यांची सरळ बेरीज करत नाही. आधी ४० वजा केले, उरले ६०. त्या ६० चे २० टक्के म्हणजे १२, झाले ५२. उरलेल्या ४८ चे १० टक्के म्हणजे पावणेपाचच्या आसपास, झाले ५७. जवळच्या दहाला नेले की ६०. म्हणजे हा माणूस बसतो! शंभर टक्क्यांचे ३,८३१.३० डॉलर मिळत होते, त्याऐवजी ‘एस’चे ४,२८८.४५. कानाच्या त्या दहा टक्क्यांकडे ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून दुर्लक्ष केलं असतं, तर तो ५२ वर, म्हणजे ५० वर, अडकला असता.

इथे एक अट नीट लक्षात घ्या. ७०, ५०, ४०, ४० असे चार आजार मिळून झालेले १०० इथे चालत नाहीत. शंभर हे एकाच आजाराचे हवेत. मात्र एकाच आजारामुळे नोकरी करणं अशक्य झालं म्हणून शंभराच्या दराने पैसे मिळत असतील, ज्याला टीडीआययू म्हणतात, तर तो आजार इथे १०० धरला जातो. हे २००८ मध्ये ब्रॅडली विरुद्ध पीक या खटल्यात ठरलं. त्यामुळे टीडीआययू नेमकं कोणत्या आजारावर दिलं आहे, हे पत्रात शोधून पाहा. तीन आजार एकत्र करून दिलेलं असेल आणि त्यातला एकच पुरेसा ठरत असेल, तर जाणकार प्रतिनिधीशी बोलण्यासारखं आहे.

एल: रोज कुणाचा तरी हात लागतो तेव्हा

‘एल’ ४,७६७.३४ डॉलरची आहे. दोन्ही पावलं, किंवा एक हात आणि एक पाऊल गेलेल्यांना, दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेलेल्यांना आणि कायम अंथरुणाला खिळलेल्यांना ती मिळते. पण ज्या घरांना खरंतर ती हवी असते त्यांची वाट बहुतेकदा पाचवी असते: एड अँड अटेंडन्स, म्हणजे दुसऱ्याची नियमित मदत लागणं.

मदत म्हणजे कोणती, हे नियमात मोजून दिलेलं आहे. कपडे घालणं-काढणं. अंग स्वच्छ ठेवणं. कृत्रिम अवयव किंवा पट्टे वारंवार नीट करून देणं, तेही त्या विशिष्ट दुखण्यामुळे दुसऱ्याशिवाय होत नसेल तर. हातात जोर नाही किंवा हात थरथरतात म्हणून घास तोंडापर्यंत न जाणं. शौचाला-लघवीला मदत. आणि शरीराच्या किंवा मनाच्या अवस्थेमुळे रोजच्या वावरातल्या धोक्यांपासून जपावं लागणं. या सगळ्या गोष्टी एकाच माणसाला लागू व्हाव्या लागत नाहीत. मदत चोवीस तास लागली पाहिजे असंही नाही, नियमित लागली पाहिजे.

शेवटचा मुद्दा मानसिक आजाराच्या किंवा मेंदूला मार लागलेल्या माणसासाठी फार मोलाचा आहे. हातपाय धड असतात, पण गॅस चालू ठेवून तो निघून जातो, गोळ्या दोनदा घेतो, रात्री दचकून उठून दार उघडून बाहेर पडतो. त्याच्यावर डोळा ठेवणं ही मदतच आहे. उलट स्वयंपाक, किराणा, कपडे धुणं, गाडी चालवणं ही कामं कितीही केलीत तरी केवळ त्यांवर ‘एल’ मिळत नाही. जेवण करून देणं आणि भरवणं यांत व्हीए फरक करतं.

‘मदत करणारी मी तर त्याची बायकोच आहे, मग कसं चालेल?’ हे मला हमखास विचारतात. चालतं. घरातलं माणूस सेवा करतं म्हणून ही भरपाई नाकारता येत नाही, असं नियमातच लिहिलेलं आहे.

वरची अक्षरं, थोडक्यात

‘एम’ (५,२६१.२४), ‘एन’ (५,९८५.०६) आणि ‘ओ’ (६,६८९.८१ डॉलर) ही अक्षरं हात-पाय किती उंचीवर गेले, नजर किती गेली, यावर चढत जातात. दोन्ही पायांचा पक्षाघात आणि त्यासोबत लघवी-शौचावरचा ताबा गेलेला असला तर थेट ‘ओ’ मिळते. मधल्या अर्ध्या पायऱ्याही आहेत: ‘एल’ किंवा त्याच्या वर असलेल्याला आणखी एखादं वेगळं, कायमचं, ५० टक्क्यांचं अपंगत्व असेल तर अर्धी पायरी वर, आणि १०० टक्क्यांचं असेल तर पूर्ण पायरी वर. पत्रात ‘पी’ दिसली तर हेच झालेलं असतं.

‘ओ’च्या पातळीला पोचलेल्या माणसाला शिवाय नियमित मदत लागत असेल तर ‘आर-१’ मिळते, ९,५५९.२२ डॉलर. त्याहून वर ‘आर-२’, १०,९६४.६६ डॉलर. ती अशांसाठी, ज्यांना रोज वैद्यकीय स्वरूपाची सेवा घरी मिळाली नाही तर नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं असतं. ही सेवा परवानाधारक नर्सने किंवा तशा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली कुणीतरी करायची असते. कॅथेटर बदलणं, जखमेची पट्टी, नळीने अन्न देणं हे सगळं बायको किंवा आई करत असेल, तर तज्ज्ञाने पद्धत ठरवून दिलेली असावी आणि त्याने महिन्यातून निदान एकदा विचारपूस करावी, एवढीच अपेक्षा आहे. ती फोनवर झाली तरी पुरते. म्हणून त्या फोनची तारीख आणि नाव दर महिन्याला वहीत टिपून ठेवा. ‘टी’ मेंदूच्या दुखापतीसाठी आहे, २०११ च्या ऑक्टोबरपासून लागू झाली आणि तिचा दर ‘आर-२’इतकाच आहे.

अर्ज: कामं कोणत्या क्रमाने करायची

सर्वांत आधी ‘इंटेंट टू फाइल’ नोंदवा. फॉर्म २१-०९६६, ऑनलाइन किंवा फोनवरही होतो. त्यामुळे आजची तारीख राखून ठेवली जाते आणि पुरा अर्ज भरायला वर्षभर मिळतं. मंजूर झालं तर पैसे बहुधा या राखलेल्या तारखेपासून धरले जातात. कागद जमवण्यात महिने जातात, म्हणून हे काम आज करा, उद्यावर टाकू नका.

मग प्रतिनिधी निवडा. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन आणि मणक्याच्या दुखापतींसाठी पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या माजी सैनिकांच्या संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी एक पैसाही घेत नाहीत. पहिल्या अर्जासाठी फी घेणं कायद्याने बंद आहे. निर्णय आल्यानंतर वकील फी घेऊ शकतो, आणि मागच्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी रास्त मानली जाते. ‘तुमची वाढलेली रक्कम इतके महिने आम्हाला द्या’ असं म्हणणाऱ्या कंपन्या फोन करतील. त्या मान्यताप्राप्त आहेत का, हे व्हीएच्या विधी विभागाच्या यादीत नाव घालून तपासा. नाव नसेल तर सही करू नका, बँकेचा पासवर्ड तर मुळीच देऊ नका. अर्ज टाकण्याआधी प्रतिनिधीकडून पूर्ण फाइल एकदा वाचून घ्या. रेटिंग कायमचं नसेल तर नव्या अर्जाने जुनं रेटिंगही पुन्हा तपासलं जाऊ शकतं.

‘एल’ किंवा ‘एस’साठी डॉक्टरकडून फॉर्म २१-२६८० भरून घ्या. डॉक्टरांना वेळ नसतो, ते चौकटीत ‘मदत लागते’ एवढंच लिहून मोकळे होतात. तेवढ्याने काम होत नाही. जाताना एका कागदावर दिवसाचा क्रम लिहून न्या आणि समोर ठेवा. कोणती मदत, कोणत्या सेवाजन्य आजारामुळे, आठवड्यातून किती वेळा, हे तिन्ही फॉर्ममध्ये आलं पाहिजे. मुख्य अर्ज २१-५२६ईझेड. त्याला हा फॉर्म आणि घरच्यांचं निवेदन, फॉर्म २१-१०२१०, जोडायचं.

हे निवेदन म्हणजे अर्जाचा प्राण. ‘माझे पती खूप त्रासात आहेत, मी त्यांची खूप काळजी घेते’ असं लिहू नका. असं लिहा: ‘सकाळी त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून शर्ट मी घालते. बटणं मी लावते. टबमध्ये शिरताना पाय उचलता येत नाही. मागच्या हिवाळ्यात पडले, तेव्हापासून मी आत उभी राहते. पाठ आणि पाय मी धुते. आठवड्यातून चार-पाच रात्री ओरडत उठतात, तेव्हा खोलीचा दिवा लावून मी जवळ बसते, कारण एकदा खिडकीची काच फुटली होती.’ इंग्रजी साधं असलं तरी हरकत नाही, पण जे रोज घडतं तेच आणि तेवढंच लिहा.

यानंतर तपासणीचं बोलावणं येतं, सी अँड पी एक्झाम. आपल्या माणसांची इथेच गाडी अडते. ‘कसे आहात?’ म्हटलं की ‘चाललंय’ म्हणायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. डॉक्टर तेच लिहून घेतो: रुग्ण ठीक आहे म्हणतो. तपासणीला जाताना सर्वांत चांगल्या दिवसाचं वर्णन करू नका, सर्वांत वाईट दिवसाचंही फुगवून सांगू नका. नेहमीचा दिवस सांगा, आणि वाईट दिवस महिन्यातून किती येतात ते सांगा. सोबत जायची परवानगी मिळाली तर जा.

निर्णय प्रतिकूल आला तर पत्राच्या तारखेपासून एक वर्ष हातात असतं. नवा पुरावा असेल तर फॉर्म २०-०९९५, आहे त्याच पुराव्यावर वरच्या अधिकाऱ्याने पाहावं असं वाटत असेल तर २०-०९९६, आणि थेट अपील मंडळाकडे जायचं तर १०१८२. २०१९ च्या फेब्रुवारीपासून हीच पद्धत आहे. आणखी एक: पुराव्यावरून एसएमसी लागू होत असेल तर ती मागितली नसली तरी व्हीएने विचारात घ्यायला हवी, असं माजी सैनिकांच्या अपील कोर्टाने १९९१ मध्ये अ‍ॅकल्स प्रकरणात सांगितलं आहे. ‘तुम्ही तशी मागणीच केली नव्हती’ असं कुणी म्हटलं तर हे प्रतिनिधीच्या कानावर घाला.

घरगुती पण महत्त्वाच्या काही गोष्टी

एड अँड अटेंडन्स हे नाव दोन ठिकाणी येतं. युद्धकाळात सेवा केलेल्या, कमी उत्पन्नाच्या वृद्ध माजी सैनिकांच्या पेन्शनमध्येही ते आहे. ती योजना उत्पन्न पाहते, एसएमसी मात्र उत्पन्न पाहत नाही. सल्ला देणारा कोणत्या योजनेबद्दल बोलतो आहे, हे आधी विचारून घ्या, नाहीतर ‘तुमचं उत्पन्न जास्त आहे, मिळणार नाही’ असं ऐकून परत याल.

व्हीएच्या खर्चाने दवाखान्यात दीर्घकाळ राहावं लागलं, तर मदतीपोटी मिळणारी वाढीव रक्कम भरती झालेल्या महिन्याच्या पुढच्या महिनाअखेरीला साधारणपणे थांबते. पक्षाघातासारख्या काही अवस्थांना यातून सूट आहे. घरी परतल्याची तारीख व्हीएला लगेच कळवा.

आईवडील आर्थिकदृष्ट्या तुमच्यावरच अवलंबून असतील तर भरपाईत त्यांच्यापोटीही वाढ मिळते. फॉर्म २१पी-५०९. बायको-मुलांचा फॉर्म, २१-६८६सी, सगळे भरतात. आईवडिलांचा हा फॉर्म भरायचं आपल्या घरांत राहून जातं, जरी आपल्या घरांतच तो जास्त लागू होतो.

आणि पुण्याला किंवा कोल्हापूरला परत यायचा विचार असेल, तर भारतात राहिल्याने भरपाई किंवा एसएमसी बंद होत नाही. सेवेशी जोडलेल्या आजारांवरच्या इथल्या उपचारांसाठी व्हीएचा फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम आहे. त्यात निघायच्या आधीच नाव नोंदवा, नवा पत्ता कळवा, आणि इथल्या डॉक्टरांची बिलं व रोगनिदान इंग्रजीत, तारखेसह, मागून घेत जा.